आधी माप तपासा

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात प्रमुख पाहुण्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



 ज्या मुलामुलींनी बक्षिसे मिळविली त्यांचे अभिनंदन माझ्या आधीच्या वक्त्यांनी केले आहे. त्यात मी माझा आवाज मिळवितो. पण मला खरे बोलायचे आहे ते ज्यांचे नाव आज पुकारले गेले नाही त्या मुलांशी आणि मागच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या आईवडिलांशी. कारण शाळेत असताना मी स्वतः अशा व्यासपीठावर एकदाही आलो नाही. १९७५ साली दहावीला मला ५१ टक्के गुण होते.

माझे वडील तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीचे दुकान चालवीत. चाक वाकडे झाले की ते सायकल उलटी करीत, चाक फिरवीत आणि रिमजवळ खडू धरीत. चाक जिथे बाहेर आलेले असे तिथे खडूची खूण उमटे. मग त्या बाजूच्या तारा थोड्या ढिल्या करायच्या, पलीकडच्या आवळायच्या, पुन्हा फिरवायचे, पुन्हा खडू धरायचा. मी लहानपणी घाई करी, म्हणे, "अब्बा, हातोडीने एक ठोका द्या ना." ते म्हणत, "ठोका दिला तर दुसरीकडे वाकेल. चाकाचा काय गुन्हा? तारा बघ." गुणवत्ता नियंत्रण हा शब्द मी पुढे पुष्कळ वर्षांनी ऐकला. त्याचा पहिला धडा मात्र मला त्या दुकानात मिळाला होता.

१९७८ साली मी पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल डिप्लोमा घेऊन बाहेर पडलो आणि पिंपरी-चिंचवड भागातल्या एका लहान कारखान्यात तपासनीस म्हणून लागलो. दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती मी फार थोड्या ठिकाणी सांगितली आहे. आज सांगतो, कारण ती माझ्या सबंध नोकरीच्या मुळाशी आहे. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. चूक माझी होती.

आमच्याकडे पोलादी पिना होत. पिनेचा व्यास १९.९८ ते २०.०० मिलिमीटर यांच्या दरम्यान हवा. म्हणजे सूट अवघी ०.०२ मिलिमीटरची. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी. व्यास जास्त भरला तर पीन पुन्हा ग्राइंडिंगला चढविता येते. कमी भरला तर ती भंगारात जाते.

एके दिवशी एका कामगाराच्या ४०० पिनांचा ढीग माझ्यापुढे आला. मी नमुने मोजले. कोणतीही घ्या, १९.९७ नाहीतर १९.९६. मी ढिगाला तांबडे कार्ड लावले. तो कामगार बीडकडचा, तात्पुरता घेतलेला. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, मी रोजच्यासारखंच केलंय. पुन्हा एकदा बघा." मी पुन्हा बघितले, पण त्याच मायक्रोमीटरने. आकडा तोच आला. मी वीस वर्षांचा होतो, अंगात नवा कोट होता आणि हातात शिक्का होता. दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब करून त्याला काढून टाकण्यात आले.

चार दिवसांनी टूलरूममधले वृद्ध मिस्त्री माझ्या टेबलाजवळ उभे राहिले. ते चौथीपर्यंत शिकलेले होते. त्यांनी हळूच विचारले, "इन्स्पेक्टर साहेब, मोजण्याआधी झिरो बघितला होता का?" मायक्रोमीटर पूर्ण मिटविला म्हणजे त्याची रेघ बरोबर शून्यावर यावी लागते. मी मिटवून पाहिला. रेघ शून्याच्या ०.०२ मागे होती. कोणाच्या तरी हातून तो पडला असावा. याचा अर्थ असा की, त्या दिवशी मी मोजलेली प्रत्येक पीन प्रत्यक्षापेक्षा ०.०२ ने बारीक दिसत होती. १९.९९ ची उत्तम पीन मला १९.९७ दिसली होती. सगळा माल चांगला होता. माझ्या हातातले माप बिघडलेले होते.

मित्रांनो, मी ही गोष्ट त्याच दिवशी वरिष्ठांना सांगितली असती तर आज ती सांगताना मला इतके जड गेले नसते. मी दोन दिवस गप्प राहिलो. घरी तीन बहिणी होत्या, माझ्या पगाराची वाट पाहिली जाई, आणि नोकरी जाईल याची मला भीती वाटली. तिसऱ्या दिवशी मी सांगितले. माझी नोकरी गेली नाही. पिना पुन्हा मोजल्या, पास झाल्या आणि ग्राहकाकडे रवाना झाल्या. तो कामगार मात्र परत आला नाही. मी भोसरीला त्याची खोली शोधीत गेलो. शेजाऱ्यांनी सांगितले की तो बायकामुलांना घेऊन गावी गेला. गावाचे नाव कोणास ठाऊक नव्हते. कारखान्याच्या रजिस्टरातही पत्ता म्हणून भोसरीची तीच खोली लिहिली होती.

त्यानंतर मी ३८ वर्षे नोकरी केली. संध्याकाळच्या वर्गांतून संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण शिकलो, दोन कंपन्या बदलल्या आणि २०१७ साली निवृत्त झालो तेव्हा वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या चार कारखान्यांच्या गुणवत्तेची जबाबदारी माझ्याकडे होती. या काळात मी एक नियम कधी मोडू दिला नाही. तांबडे कार्ड लावण्याआधी माप तपासायचे, दुसऱ्या मापाने आणि दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्यायचे आणि मगच माणसाकडे बोट दाखवायचे.

आता थोडे शास्त्र सांगतो. कंटाळू नका, ते तुमच्या घरातही उपयोगी पडणारे आहे.

१९२४ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शुहार्ट यांनी एका लहानशा टिपणात कंट्रोल चार्ट मांडला. त्यांचे म्हणणे असे की, कोणत्याही कामात थोडा चढउतार असतोच. एकाच यंत्रावर, एकाच माणसाने केलेले दोन नग तंतोतंत सारखे नसतात. हा चढउतार दोन प्रकारचा असतो. एक नेहमीचा, त्या पद्धतीतच मुरलेला. दुसरा एखाद्या खास कारणाने आलेला, जसे हत्यार तुटले किंवा निराळा माल आला. खास कारण असेल तर ते शोधून काढावे. नेहमीच्या चढउतारासाठी मात्र रोज यंत्राच्या चाव्या पिळीत बसू नये, त्याने काम अधिकच बिघडते. ही विद्या आपल्यालाही परकी नाही. प्रा. महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यास स्थापन केलेल्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या निमंत्रणावरून शुहार्ट स्वतः १९४७–४८ साली भारतात येऊन गेले होते.

पालकहो, तुमच्या मुलाला पहिल्या चाचणीत ६२ गुण मिळाले, दुसरीत ५८, तिसरीत ६५. ५८ ला आपण मारतो आणि ६५ ला पेढे वाटतो. खरे पाहता मुलगा तिन्ही वेळा तोच आहे, त्याच्या अभ्यासाची रीतही तीच आहे. हा नेहमीचा चढउतार झाला. त्याला ६५ वरून ८० वर न्यायचे असेल तर अभ्यासाची रीत बदलावी लागेल. पण तोच मुलगा ६२ वरून एकदम ३० वर आला तर मारू नका, जवळ बसवा. काहीतरी खास घडले आहे. कदाचित त्याला फळ्यावरचे दिसत नसेल. कदाचित वर्गात कोणी त्रास देत असेल. कदाचित घरातल्या भांडणाचा आवाज त्याच्या वहीपर्यंत पोहोचला असेल.

शुहार्ट यांच्या कामाचा आधार घेऊन डॉ. डेमिंग यांनी १९५० साली जपानमध्ये व्याख्याने दिली आणि युद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या देशाने ती मनावर घेतली. १९५१ पासून तेथे त्यांच्या नावाने पारितोषिक दिले जाते. १९९८ साली आपल्याकडच्या सुंदरम-क्लेटन या कंपनीनेही ते मिळविले. डेमिंग आपल्या वर्गात एक खेळ करीत. एका पेटीत ३२०० पांढरे मणी आणि ८०० तांबडे मणी. पन्नास खळगे असलेली एक फळी पेटीत बुडवून मणी काढायचे. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, तांबडा म्हणजे खराब. आम्हीही रविवार पेठेतून मणी आणून हा खेळ आमच्या सुपरवायझरांच्या वर्गात केला. एकाच्या फळीत सहा तांबडे आले, त्याला शाबासकी दिली. दुसऱ्याच्या फळीत चौदा आले, त्याला सर्वांदेखत समज दिली. पुढच्या फेरीत शाबासकीवाल्याच्या फळीत बारा आले. सगळे हसले. मग एक जुना सुपरवायझर हसायचा थांबला आणि म्हणाला, "साहेब, आपण खाली रोज हेच करतो." पेटीतच पाचवा हिस्सा तांबडे मणी असतील तर पन्नासात सरासरी दहा येणारच. काढणाऱ्याला शिव्या देऊन ते कमी होत नाहीत. पेटीतले तांबडे मणी कमी करणे हे पेटी भरणाऱ्याचे काम आहे. शाळेत ते संस्थेचे आणि शिक्षकांचे आहे, घरात ते आपले आहे.

दुसरी एक जपानी गोष्ट सांगतो. शिगेओ शिंगो नावाच्या अभियंत्याने चूक होऊच नये अशा लहान लहान युक्त्या शोधल्या. १९६१ सालची त्यांची एक युक्ती प्रसिद्ध आहे. एका स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार कधी कधी एक विसरत. शिंगो म्हणाले, आधी दोन स्प्रिंगा एका बशीत काढून ठेवा, मग बसवा. स्विच झाला आणि बशीत स्प्रिंग उरली, की चूक तिथल्या तिथे दिसते. अशा युक्त्यांना ते प्रथम "बाका-योके" म्हणत, म्हणजे मूर्खापासून बचाव. १९६३ साली एका कारखान्यात हा शब्द ऐकून एक कामगार बाई रडू लागली. मी इतकी मूर्ख आहे का, असे ती विचारू लागली. शिंगो यांनी तो शब्दच बदलला आणि "पोका-योके" केला, म्हणजे अनवधानाने होणाऱ्या चुकीपासून बचाव. युक्ती तीच राहिली, पण त्या बाईचा मान राहिला. आपण घरात आणि वर्गात "गाढवा, तुला काही यायचे नाही" असे किती सहज म्हणतो, याचा या निमित्ताने विचार करावा.

माझ्या हाताखाली तऱ्हेतऱ्हेची माणसे आली. साताऱ्याचे शेतकऱ्यांचे मुलगे, नंदुरबारकडचे आदिवासी, बिहारमधून आलेले, उर्दू माध्यमातून शिकलेले. माणसे घडविण्याची विद्या मी पुस्तकातून शिकलो नाही, ती मला यांनीच शिकविली. दोघांची हकीकत सांगतो.

एक मुलगा आय.टी.आय. करून आला होता. शाळा उर्दू माध्यमाची. तपासणीचा अहवाल इंग्रजीत भरायचा असे आणि त्याचे अहवाल नेहमी अर्धवट. त्याच्या सुपरवायझरने लेखी शेरा मारला, "मंदबुद्धी, बदली करावी." माझ्याकडे कागद आला तेव्हा मला मिस्त्रींचा प्रश्न आठवला. मी त्या मुलाला बोलाविले आणि म्हणालो, काय बिघडले आहे ते लिहू नकोस, काढून दाखव. त्याने पेन्सिलीने नगाची आकृती काढली, कडेला कोठे खरवड येते ते दाखविले, पकड कोठे ढिली आहे तेही दाखविले. महिनाभर आम्ही सगळे ज्याचे कारण शोधीत होतो ते त्या कागदावर होते. त्याची बुद्धी मोजायला आम्ही इंग्रजीची पट्टी लावली होती. पुढे आम्ही तपासणीचे सगळे तक्ते चित्रांचे केले. त्याचा फायदा त्या एकालाच झाला असे नाही, सर्वांच्याच चुका कमी झाल्या. त्या मुलाला इंग्रजीही शिकविले, कारण चित्रावर सगळे भागत नाही. आज तो एका मोठ्या टूलरूमचा प्रमुख आहे.

दुसरी एक मुलगी, डिप्लोमा झालेली. तिचे वडील तिला घेऊन दारापर्यंत आले आणि विचारू लागले, "साहेब, कारखान्यात मुलगी काय करणार?" त्या वेळच्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे बायकांना रात्रपाळी सहसा देता येत नसे, म्हणून तिला दिवसाच्या पाळीत मापन प्रयोगशाळेत घेतले. तीन आठवड्यांनी ती माझ्याकडे एक वही घेऊन आली. सकाळच्या पहिल्या तासातली मापे आणि दुपारची मापे यांत रोज थोडा फरक येतो, असे तिने मांडून ठेवले होते. लांबीच्या मापनासाठी जगभर २० अंश सेल्सियस हे तापमान प्रमाण मानतात. पोलादाचा १०० मिलिमीटरचा तुकडा १० अंशांनी तापला तर तो ०.०११ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. आमच्याकडे वीज वाचविण्यासाठी रात्री प्रयोगशाळेची वातानुकूल यंत्रे बंद करीत आणि सकाळी खोली थंड होण्याआधीच मोजणी सुरू होई. अनुभवी माणसे रोज त्या खोलीत वावरत होती, कोणाच्या लक्षात आले नव्हते. तिच्या आले, कारण ती नवी होती आणि तिला विचारायची भीती वाटली नाही. पुढे तिचे वडील भेटले तेव्हा त्यांनी मला काही विचारले नाही. तीच त्यांना उष्णता आणि पोलाद समजावून सांगत होती.

यात पालकांसाठी आणखी एक गोष्ट आहे. यंत्रावरून नुकताच उतरलेला गरम नग मोजायचा नसतो. निवू द्यायचा असतो. निकालाच्या दिवशी संध्याकाळी मुलाचे माप काढू नका. दोन दिवस जाऊ द्या.

आता संस्थेच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. आपण दहावीच्या निकालाचा तक्ता दर्शनी भागात लावता, त्याचा मला आनंद आहे. त्याच्या शेजारी आणखी एक तक्ता ठेवा, बाहेर लावला नाही तरी चालेल. पाचवीत आलेली किती मुले दहावीपर्यंत पोहोचली? कोणत्या इयत्तेत गळली? आमच्याकडे खराब माल शेवटच्या टेबलावर सापडला तर ते अपयश मानीत. तो ज्या यंत्रावर बिघडला तेथेच सापडला पाहिजे. आणि सापडल्यावर "कोणी केले?" हा प्रश्न विचारू नका, "का झाले?" असे पुन्हा पुन्हा विचारा. मुलगा गणितात नापास झाला, का? गृहपाठ करीत नाही. का? संध्याकाळी गॅरेजवर असतो. का? वडिलांची कंबर मोडली आहे. आता सांगा, त्या मुलाला आणखी दोन छड्या मारून काय होणार? त्याच्यासाठी सकाळी सहाला शाळेची एक खोली उघडी ठेवली तर काही होईल. खोलीची किल्ली ज्याच्याकडे असेल तो माणूस मी संस्थेचा सर्वांत मोठा देणगीदार समजेन.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडी कामाची माहिती. दहावीनंतर फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांसारखे दोन वर्षांचे आय.टी.आय.चे शिक्षण घेता येते. त्यानंतर १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते, तेथे शिकत असताना विद्यावेतनही मिळते. आय.टी.आय. झालेल्यांना डिप्लोमाच्या आणि डिप्लोमा झालेल्यांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. म्हणजे ५१ टक्क्यांनी रस्ता बंद होत नाही, फक्त वळण घेतो. आज मोजणीची यंत्रे संगणकावर चालतात, नगाला स्पर्श करून त्याचा सगळा आकार पडद्यावर आणतात. पण सकाळी कामाला लागण्याआधी त्यांनाही प्रमाणित गोळ्यावर तपासून घ्यावे लागते. माप बदलले, नियम बदललेला नाही.

ज्यांना आपल्या घरच्या परिस्थितीचा संकोच वाटतो त्यांनी जोसेफ ज्युरान यांचे चरित्र वाचावे. ते १९०४ साली रुमानियात जन्मले, १९१२ साली आपल्या गरीब कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले आणि मिळेल ते काम करीत शिकले. १९२४ साली ते वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात तपासणी खात्यात लागले. तेथून निघालेला हा मुलगा पुढे जगभरच्या कारखानदारांना गुणवत्ता शिकविता झाला.

आणि तुमच्यापैकी जे उद्या शिक्षक, सुपरवायझर, अधिकारी होतील त्यांना एवढेच सांगतो. तुमच्या हातात शिक्का येईल. तो हातात आला की माणसाला आपले माप बरोबरच आहे असे वाटू लागते. समोरचा कोणी "साहेब, पुन्हा एकदा बघा" म्हणाला तर त्याच मापाने पुन्हा बघू नका. आणि चूक आपली निघाली तर त्याच दिवशी सांगा. तिसरा दिवस उजाडेपर्यंत तो माणूस खोली सोडून गेलेला असतो.